सर सध्या फोन आहेत

मी पहिल्यांदा तो जिना चढून वर गेले तेव्हा टेबलामागे साठीकडे झुकलेले एक गृहस्थ दोन्ही हातांनी पाटीची लाकडी चौकट छातीशी धरून बसले होते. पाटी कधीच फुटून गेलेली, नुसती चौकट उरलेली, आणि तिच्यात एक कार्ड खोचलेलं. कार्डावर स्केचपेननं तीन बटणं काढली होती. मी विचारलं, "मोबाइल ॲपचा क्लास इथंच आहे का?" गृहस्थांनी पापणीही हलवली नाही. ऐकायला कमी येत असेल असं समजून मी आवाज चढवला. तरी काही नाही. मग खिडकीपाशी बसलेली एक मुलगी उठून माझ्याजवळ आली आणि दवाखान्यात बोलतात तशा हळू आवाजात म्हणाली, "थांब जरा. सर सध्या फोन आहेत."

सरांच्या समोर आठवडी बाजारातली एक भाजीवाली मावशी बसली होती. तिनं मधल्या बटणावर बोट ठेवलं. सरांनी ते कार्ड काढलं आणि दुसरं खोचलं. मावशीनं त्या कार्डावर इकडे दाबलं, तिकडे दाबलं, कोपऱ्यातल्या फुलावरही दाबलं. सर ढिम्म. "अवो मास्तर, मंग आता काय करू मी?" मावशी म्हणाली. मास्तर तिच्या डोक्यावरून पलीकडे भिंतीकडे बघत राहिले. पाच मिनिटांनी मावशी कंटाळून उठली, टोपली घेतली आणि जाता जाता म्हणाली, "येडं हाय का काय." ती जिना उतरल्यावर सरांनी चौकट खाली ठेवली, मान मोडली आणि माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात विचारलं, "हां, बोल. काय म्हणत होतीस?"

सेनगावात खत-बियाण्यांच्या एका दुकानावर ही खोली होती. खालून औषधांचा वास यायचा आणि वरती तो आम्हाला इतका सवयीचा झाला होता की दुकान बंद असलं की चुकल्यासारखं वाटायचं. सर मुळात टायपिंगचे. तालुक्यात ज्यांना कारकुनाची नोकरी लागली त्यांतल्या बऱ्याच जणांची बोटं सरांनी वळवलेली. मग टायपिंग मशिनवरच्या परीक्षा गेल्या, पोरं येईनाशी झाली आणि मशिनं कापडी झबली घालून भिंतीकडेला ओळीनं बसून राहिली. सरांनी वर्षभर खालच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे बसून व्हिडिओ पाहिले, भाच्याचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि एका सकाळी टायपिंगच्या पाटीखाली स्वतःच्या हातानं रंगवलं: मोबाइल ॲप शिका. सर आधी शिकले आणि मग शिकवायला लागले, की शिकवता शिकवता शिकले, यावर आमच्या वर्गात दोन तट होते.

गंमत म्हणजे सरांच्या स्वतःच्या खिशात बटणाचा फोन होता. मागचं झाकण पडू नये म्हणून त्याला रबर लावलेलं. पहिल्या आठवड्यात मी धीर करून विचारलं, "सर, तुमी मोठा फोन काहून घेत न्हाई?" सर म्हणाले, "शिंपी दिवसभर ब्लाऊज शिवतो. तो काय घालून बघतो का?"  

खोलीत चार कॉम्प्युटर होते आणि त्यातला एक कायम आजारी. पण पहिला महिनाभर सर कुणाला कॉम्प्युटरला हातच लावू देत नसत. ॲप आधी कागदावर चाललं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. कागद म्हणजे लग्नाच्या जुन्या पत्रिका. त्यांची मागची बाजू कोरी असते, पुठ्ठा बऱ्यापैकी जाड असतो आणि कात्रीनं थोडं छाटलं की पत्रिका बरोबर फोनच्या मापाची होते. गावात असं एकही घर नसेल जिथं खुंटीला पत्रिकांची चवड लटकत नाही. सर ती मागून आणायचे. एका कार्डावर एक स्क्रीन, अशी वीस-पंचवीस कार्डं झाली की झालं ॲप. मग सर चौकट हातात घेऊन फोन व्हायचे आणि रस्त्यावरून कुणाला तरी वर बोलवायचे. फोन असताना सर बोलत नसत, हसत नसत, माशी बसली तरी हाकलत नसत. एकदा त्यांच्या घरून निरोप आला की पाहुणे आलेत, तर निरोप घेऊन आलेल्या माणसाला आम्ही बाकावर बसवून ठेवलं. सर हँग झाले होते आणि समोरच्या आजोबांना परतीचं बटण सापडत नव्हतं.

"फोनला तुमच्याबद्दल माया नसते," सर सांगायचे. "तो समजून घेत न्हाई. समजून घ्यायचं काम बनवणाऱ्याचं. ते आधीच करून ठेवायचं, बराबर?" आणि चार वाजता चहा आला की खिडकीतली मुलगी जाहीर करायची की सर चार्जिंगला लागलेत. तेवढा वेळ कुणी ॲप घेऊन त्यांच्याकडे जायचं नाही. लाईट गेली की गावातले सगळे क्लास सुटायचे. आमचा फोन मात्र चालू असायचा.

मी या सगळ्यात कशी आले ते सांगायला हवं. आमचा बंजारा तांडा सेनगावपासून बारा किलोमीटर. रस्त्यावर फाटा आहे, तिथं जीप सोडते, पुढं चालत. बी.एस्सी. झाल्यावर मी घरी बसले होते आणि शेतात विळ्यानं सोयाबीन सोंगायला मला घरात सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो हे सिद्ध झालं होतं. क्लासचं नाव काढलं तेव्हा याडीनं, म्हणजे आईनं, बाकडे बोट दाखवलं आणि बानं एकच अट घातली. दिवस मावळायच्या आत फाट्यावर दिसली पाहिजे. एक डाव चुकली की क्लास बंद. बा वाईट माणूस नाही. त्याला अंधाराची भीती नव्हती, अंधारात मी कुठं आहे हे कळणार नाही याची होती. पण शब्दाचा पक्का. त्यानं बंद म्हटलं की बंद, हे आमच्या बैलांनाही माहीत होतं. आणि मला तर तिसऱ्याच दिवशी कळलं होतं की मला आयुष्यात हेच करायचं आहे. एका पत्रिकेच्या पाठीवर मी बटण काढलं होतं, एका अनोळखी आजीनं ते न विचारता दाबलं होतं आणि सरांनी पुढचं कार्ड खोचलं होतं. एवढंच. पण मी घरी जाईपर्यंत जीपमध्ये एकटीच हसत होते.

सरांची दुसरी खोड म्हणजे अंगठ्यांचं रजिस्टर. प्रवेश घेताना फॉर्म नाही, फोटो नाही. शाईच्या पॅडवर अंगठा दाबायचा आणि रजिस्टरमध्ये उठवायचा. पुढं लिहायचं, अंगठा कुणाचा आणि तो माणूस काय काम करतो. रस्त्यावरून ज्याला वर बोलावतील त्याचाही अंगठा घ्यायचेच. "हा बघ गवंड्याचा," सर पान उघडून दाखवायचे, "रेषाच न्हाईत. सिमेंटनं खाल्ल्या. हा शिंपिणीचा, हा आमच्या मातोश्रींचा." आम्ही नवी पोरं नाजूक, सुबक बटणं काढायचो. सर रजिस्टरमधला एखादा दणदणीत अंगठा काढून बटणाच्या शेजारी धरायचे. अंगठा बटणाच्या चारी बाजूंनी बाहेर. "हे बटण हाय का मुंगीचं डोकं?" की लगेच कार्ड फाडलं. टायपिंगला दहा बोटं लागायची, आता सगळी दुनिया एका अंगठ्यावर आली, तेव्हा त्याचा मान राखा, असं त्यांचं म्हणणं. माझ्या अंगठ्याची शाई दोन दिवस गेली नाही आणि याडीनं मी कशावर अंगठा देऊन आले याची सकाळ-संध्याकाळ चौकशी केली.

पत्रिकांनी एकदा घोटाळा केला तो आमच्या जीपवाल्यापायी. आमच्या रस्त्याची काळी-पिवळी चालवणारा हा माणूस मोठ्या दिलाचा, पण मानपानाला हळवा. सरांनी त्याला वर बोलावलं, अंगठा घेतला, समोर बसवलं. तो छान बटणं दाबत होता. पाचवं कार्ड बदलताना सरांच्या हातात ते जरा तिरकं झालं आणि जीपवाल्याला मागची बाजू दिसली. त्यानं झटकन मनगट धरलं, कार्ड उलटं केलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. त्याच्या सख्ख्या साडूच्या मुलीचं लग्न होतं ते. होऊन चार महिने झाले होते. "आमाला पत्रिका न्हाई आली," तो म्हणाला. सर गप्प. "न्हाई म्हणजे फोनवर सांगितलं व्हतं. पण पत्रिका छापली व्हती का? मंग काहून न्हाई दिली?" सर भिंतीकडे बघत. "अवो सर, मी तुमाला विचारून राहिलो." फोन काय बोलणार. जीपवाला पत्रिका खिशात घालून निघून गेला आणि त्यानंतर चार दिवस साडूच्या गावावरून जीप न थांबता जायची. शेवटी सर स्वतः साडूकडे गेले, एक शिल्लक पत्रिका हळदकुंकू लावून घेतली आणि झालेल्या लग्नाचं आमंत्रण जीपवाल्याच्या हातात दिलं. त्यानंतर कार्डाची छापील बाजू काळ्या स्केचपेननं भरून टाकायची, असा नियम झाला.

पण सगळ्यात कडक नियम पाण्याचा. समोरचा माणूस अडला की बनवणाऱ्याला राहवत नाही. "तिथं न्हाई काका, खाली, खाली दाबा," असं तोंडातून निघून जातंच. सर म्हणायचे, "तू काय प्रत्येक फोनसोबत फुकट जाणार हायस का?" म्हणून तपासणी चालू असेपर्यंत बनवणाऱ्यानं तोंडात पाणी भरून उभं राहायचं. पाणी गिळलं तर नापास, सांडलं तर नापास. गाल फुगवून, डोळे वटारून, आपण आठ दिवस खपून काढलेल्या बटणाशेजारच्या रिकाम्या जागेवर एक बाई चिकाटीनं अंगठा आपटते आहे हे बघत उभं राहायचं. यासारखी शिक्षा नाही. आमच्यातल्या एकाला एकदा हसू फुटलं आणि सगळा फवारा सरांच्या तोंडावर गेला. सरांच्या नाकाच्या शेंड्यावरून थेंब पडत होते, पण त्यांनी कार्ड बदललं. फोन भिजला होता, पण चालू होता. मी आता पुण्यात ज्या कंपनीत काम करते तिथं लोकांना ॲप वापरताना काचेमागून बघायची सोय आहे. मी आजही आधी बाटलीतून एक मोठा घोट तोंडात घेऊन उभी राहते. बाकीच्यांना वाटतं मला फार तहान लागते.

महिन्याभरानं कॉम्प्युटरवर बसायला मिळालं आणि मग एरर सुरू झाले. लाल अक्षरं दिसली की आम्ही भिऊन कीबोर्डवरचे हात काढून घ्यायचो. सर चष्मा वर करून उभे राहायचे आणि एरर खणखणीत आवाजात वाचायचे, तेही पत्रिकेच्या चालीवर. "आमचे येथे श्रीकृपेकरून, ओळ क्रमांक बेचाळीस येथे एक कंस उघडण्यात आला असून तो बंद करण्याचे योजिले नाही. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार येऊन तो बंद करावा. समक्ष भेटून सांगता आले नाही, तरी हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे." वर्ग हसून लोळायचा, ज्याचा एरर तोही हसायचा आणि हसता हसता भीती निघून जायची. इंग्रजी वाचताना माझी जीभ अडखळायची, पण या चालीवर मी एका महिन्यात कुठलाही एरर धडाधड वाचू लागले. एखादं ॲप पहिल्यांदा खऱ्या फोनवर उघडलं की पत्रिका छाटून उरलेले कागदाचे तुकडे आम्ही अक्षता म्हणून त्या फोनवर टाकायचो आणि सर टायपिंग मशिनची घंटी वाजवायचे.

माझं ॲप जीपचं होतं. दुसरं कशाचं असणार? जीप सीटा भरल्याशिवाय हलत नाही, कधी साडेचारला भरते, कधी सहाला, आणि माझा जीव दिवसभर टांगणीला. म्हणून मी जीपच्या सगळ्या जागा काढल्या. जागेवर अंगठा ठेवला की तिथं दस्ती, म्हणजे हातरुमाल, पडायची. आपल्याकडे एसटी आली की खिडकीतून दस्ती टाकून जागा धरतात, अगदी तशी. जीपवाल्याच्या फोनवर दिसणार किती दस्त्या पडल्या, आपल्या फोनवर दिसणार जीप भरत आली का. सरांना दस्ती फार आवडली. "शिकवायला लागणार न्हाई कुणाला," ते म्हणाले. खरंच लागलं नाही. तिथंच तर घात झाला.

ज्या दिवशी ते ॲप आम्ही वर्गातल्या, जीपवाल्याच्या आणि आमच्या रस्त्यावरच्या सात-आठ लोकांच्या फोनमध्ये टाकलं, त्या दिवशी चार वाजता जीप भरली. फोनवर. रिकामी जागा दिसली की दस्ती टाकायची हे आपल्या हाडात आहे. कुठं जायचं आहे की नाही ते मग बघू. खालच्या खत-बियाण्यांच्या दुकानदारानं एक टाकली, कारण उद्या कदाचित जावं लागेल. खिडकीतल्या मुलीनं मला सोबत म्हणून टाकली, ती राहायला सेनगावातच. तांड्यावर माझ्या चुलतभावानं घरबसल्या दोन टाकल्या, जागा जाऊ नयेत म्हणून. जीपवाल्यानं फोन बघितला, जीप फुल्ल. मागं वळून बघितलं, एक म्हातारा आणि एक शेळी. पण ॲपवर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता, त्यानं गाडी काढली. आणि मी? मी वर निवांत चहा पीत होते. माझी दस्ती पडलेली होती, मग मला कसली घाई.

खाली आले तेव्हा स्टँडवर धूळ उडत होती. फोन माझ्याजवळ होता आणि माझ्या बाजवळही होता. पण मला घ्यायला ये, असं आमच्या घरात कुणी कुणाला म्हटलेलं नव्हतं. आणि फोन केला असता तर चुकले हे कबूल करावं लागलं असतं. दुसरी जीप नव्हती. एका दुधाच्या गाडीनं मला फाट्यावर सोडलं तेव्हा दिवस मावळून गेला होता. बा फाट्यावर उभा होता. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो घरापर्यंत माझ्या पुढं दहा पावलं चालत राहिला आणि दारात चप्पल काढताना आमच्या घरच्या गोरमाटी बोलीत म्हणाला, "झालं आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मोटरसायकल काढली. "चल, सरला सांगून येऊ. तोंडावर सांगावं. पळून गेल्यासारखं नको." मी माझ्या कार्डांची चवड परत द्यायला सोबत घेतली. बारा किलोमीटर मी त्याच्या पाठीमागं बसून रडत होते आणि वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतंय असं दाखवत होते.

सर तेव्हा फोन नव्हते. बानं टोपी नीट केली आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं, "सर, पोरगी उद्यापसून येणार न्हाई. काल रात झाली तिला. आमचं ठरलं व्हतं तसं."

मला वाटलं, सर काहीतरी बोलतील. पोरगी हुशार आहे, वर्ष वाया घालवू नका, असं काहीतरी. सर म्हणाले, "बराबर हाय तुमचं. माझं लेकरू असतं तर मी पण हेच केलं असतं." मी कार्डांची चवड टेबलावर ठेवली. मग त्यांनी बाला खुर्ची दिली. "आता आलाच हायत तर एक काम करून जा. हिचं ॲप तपासायला माणूस पायजे. दहा मिनटाची तकलीफ." आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं. "अंगठा द्या."

बाचा चेहरा बदलला. तो प्रौढ शिक्षणाच्या वर्गात जाऊन नाव लिहायला शिकला होता आणि तेव्हापासून त्यानं कुठंही अंगठा लावला नव्हता. "सही येते मला," तो म्हणाला. सर म्हणाले, "सही येणारेच बसतात हितं. सही बोटानं करतात, फोन अंगठ्यानं चालतो." त्यांनी आधी स्वतःचा अंगठा शाईत बुडवून पानावर उठवला आणि पॅड परत पुढं केलं. बानं थोडा वेळ तो ठसा बघितला, मग त्याच्या शेजारी आपला उठवला. सरांच्यापेक्षा दीडपट होता. ते बघून तो जरा सैल झाला.

मला ग्लास मिळाला. मी तोंड भरून पाणी घेतलं. सरांनी चौकट उचलली, माझी कार्डं मांडीवर ठेवली आणि ते फोन झाले.

बानं पहिलं कार्ड दाबलं. जीप आली. दुसरं दाबलं. जागा आल्या. त्यानं खिडकीकडची जागा निवडून अंगठा ठेवला आणि तिसऱ्या कार्डावर तिथं दस्ती पडली. "आता ही जागा हिची," तो स्वतःशीच म्हणाला. फार बारकाईनं बघत होता तो, बैल घेताना बघतो तसा. मग थांबला. "अन् जीप भरलीच न्हाई तर?"

सर भिंतीकडे बघत होते. बानं जीपवर दाबलं, दस्तीवर दाबलं, चाकावर दाबलं, वरच्या माझ्या नावावर दाबलं. काही झालं नाही. त्या प्रश्नासाठी कार्डच नव्हतं. मी काढलंच नव्हतं. काल मी स्टँडवर उभी होते तेव्हाही माझ्याजवळ ते नव्हतं. "माझी पोरगी तिथं हुबी हाय," बा सरांच्या डोळ्यांत बघून म्हणाला. "दिवस मावळून राहिला. मी काय दाबू?" सर हलले नाहीत. त्यानं माझ्याकडे बघितलं. माझे गाल फुगलेले आणि डोळ्यांतून धारा. मला खूप काही सांगायचं होतं आणि मी पाणी धरून उभी होते.

मग बानं जे केलं ते त्या खोलीत कुणी कधी केलं नव्हतं. त्यानं हात घालून सरांच्या चौकटीतलं कार्ड बाहेर काढलं, टेबलावर ठेवलं, माझा स्केचपेन उचलला आणि जीपखालच्या रिकाम्या जागेत एक गोल काढला. आपला अंगठा वर ठेवून बघितला, कमी वाटला, गोल आणखी मोठा केला. आत सावकाश, दात ओठांवर रोवून लिहिलं: बा. कार्ड परत चौकटीत खोचलं. आणि दाबलं.

आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं की आता काही होणार नाही. पुढचं कार्ड नाही, तर फोन हँग. सरांनी हा नियम स्वतःच्या घरच्या पाहुण्यांसाठी मोडला नव्हता, तोंडावर फवारा आला तरी मोडला नव्हता. मग त्यांचे ओठ हलले आणि त्यांनी रिंग वाजवली. "ट्रिंग ट्रिंग," सर म्हणाले, भिंतीकडे बघतच. "ट्रिंग ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग."

बाचा हात आधी सदऱ्याच्या खिशाकडे गेला. मग त्याला कळलं. त्यानं रिकामी मूठ कानाला लावली आणि म्हणाला, "हॅलो."

अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी एका घोटात सगळं पाणी गिळलं, नापास झाले आणि घरी बोलतो तसं गोरमाटीत म्हणाले की बा, जीप भरली नाही, मला घ्यायला येतोस का.

आमच्यात दोन हातांचं अंतर होतं. बा माझ्याशी मराठीत कधीच बोलत नाही. त्या दुपारी तो मराठीत बोलला, खिडकीतल्या मुलीपासून कोपऱ्यातल्या आजारी कॉम्प्युटरपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"येऊन राहिलो," तो म्हणाला. "तिथंच थांब."